महापालिकेच्या शाळेसाठी वर्षाला चार लाख आणि कॉलेजची पंचवीस पोरं: आधी काय करावं?

गणेशदुर्ग (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगलीत आमचा एक छोटा नोंदणीकृत ट्रस्ट आहे. आजवर वह्यावाटप आणि दहावीच्या मुलांचे सत्कार एवढंच काम. यंदा जूनपासून महापालिकेच्या एकाच शाळेबरोबर सलग तीन वर्षं काम करायचं ठरलंय. शाळा पहिली ते सातवी, पट १४०, शिक्षक पाच आणि त्यातल्याच एका बाईंकडे मुख्याध्यापकाचा चार्ज. मुलं बहुतेक हमालांची, बांधकामावरच्या मजुरांची, घरकाम करणाऱ्या बायकांची. काही घरांत कन्नड बोलतात, काही घरांत हिंदी.

देणगीदारांनी तीन वर्षं दरसाल ४ लाख रुपये द्यायचं कबूल केलंय. कुपवाड एमआयडीसीतले दोन कारखानदार ‘सीएसआरमधून (कंपन्यांनी नफ्यातून करायच्या सामाजिक खर्चातून) बघू’ म्हणतात. इंजिनिअरिंग, आर्ट्स आणि डी.एड. मिळून २५ मुलामुलींनी नावं दिली आहेत.

देणगीदारांना डिजिटल बोर्ड आणि रंगरंगोटी हवी आहे. पोरांना उद्याच वर्गावर उभं राहायचंय. बाई म्हणतात, आधी शाळा झाडायला माणूस द्या. आमच्या बैठकीत यावरून तासतासभर वाद होतो. पहिल्या वर्षी पैसे नेमके कशावर घालावेत, ही पोरं दिवाळीनंतरही टिकावीत म्हणून काय करावं, आणि सीएसआरचे कागद काय लागतात? शाळा ‘दत्तक’ घेऊन आमच्या एका दिवंगत सभासदाचं नाव देता येईल का, असंही एकानं विचारलंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

खडू_फळा

बोर्डाचं नंतर बघू. आधी कोणतं मूल कुठे अडलंय ते बघा. मुलांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाचे आकडे पेपरात गाजतात, पण ते सर्वेक्षण ग्रामीण भागाचं. महापालिकेच्या शाळेतल्या मुलांना वाचता येतं का, हे त्यातून कळणार नाही. तुमची पाहणी तुम्हालाच करावी लागेल. चाचणी मात्र ‘असर’चीच वापरा. ती एका कागदावर मावते, बारावी झालेली मुलगी दोन दिवसांत ती घ्यायला शिकते, आणि तिचा निकाल आईबापांनाही समजतो.

तिसरी ते सातवीची साधारण १०० मुलं धरा. एका मुलाला वाचन आणि गणित मिळून दहा मिनिटं लागतात. दहा जणांनी दहा-दहा मुलं घेतली तर एका सकाळी काम होतं. मुलाला वर्गाबाहेर व्हरांड्यात, इतरांना ऐकू जाणार नाही असं बसवा. आधी चार ओळींचा पहिलीच्या पातळीचा उतारा द्या. सलग वाचला आणि तीनपर्यंत चुका झाल्या तरी चालतं, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. उतारा जमला नाही तर सुटे शब्द, कोणतेही पाच, त्यातले चार बरोबर हवेत. तेही जमलं नाही तर अक्षरं, तोच नियम. गणितात १ ते ९ अंकओळख, ९९ पर्यंतच्या संख्या, हातच्याच्या दोन अंकी वजाबाक्या (दोन दिल्या तर दोन्ही बरोबर हव्यात), आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार.

घोटाळा ठरलेल्या जागी होतो. परीक्षक मधेच चूक सुधारतो, पहिलं अक्षर सांगून मदत करतो, किंवा ‘शाब्बास’ आणि ‘अरेरे’ असं तोंडानं म्हणतो. मग पुढचं मूल बिचकतं आणि मागचं आत जाऊन उत्तरं सांगतं. म्हणून उताऱ्याचे चार वेगवेगळे नमुने ठेवा आणि परीक्षकांना आधी एकमेकांवर सराव करायला लावा. घरी कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या मुलाचा उच्चार वेगळा असेल, ती चूक धरू नका. उर्दू माध्यमाच्या शाळेत काम करणार असाल तर उतारा उर्दूचाच हवा.

नुसती पातळी लिहून थांबू नका, चूक कसली तेही शेजारी टिपा. चौथीतलं मूल ‘पुस्तक’ला ‘पुसतक’ म्हणतं, म्हणजे अक्षरं येतात, जोडाक्षर अडतं. त्यातही ‘र’ फार छळतो, कारण तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर जातो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये खाली टोपी होऊन बसतो आणि ‘तऱ्हा’मध्ये आणखी वेगळा दिसतो. या चौघांचे शब्द चार दिवस रोज दहा मिनिटं घेतले की अख्खा गट पुढे सरकतो. वजाबाकीत ५२ वजा ३७ चं उत्तर २५ आलं तर मुलानं दोन्ही घरांत मोठ्यातून लहान वजा केलंय. त्याला पुन्हा तीच रीत फळ्यावर दाखवून उपयोग नाही. हिराच्या काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्या. सात काड्या मागा. रबर काढून गठ्ठा सोडावाच लागतो, आणि हातचा म्हणजे काय ते तिथे कळतं. अशा शंभर काड्यांचा एक संच प्रत्येक गटाला लागतो.

पुढची पायरी गटांची. रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे बसवायचं, एका गटात १५ पेक्षा जास्त मुलं नकोत. तुमच्या शंभर मुलांचे सात गट होतात. दोन शिक्षक पहिली-दुसरी सांभाळतील, उरलेले तीन शिक्षक तीन गट घेतील, म्हणजे चार माणसं बाहेरून लागतात. ती माणसं त्याच वस्तीतल्या बारावी झालेल्या मुली असाव्यात, मानधनावर, रोज येणाऱ्या. कॉलेजची मुलं गटात दुसरा माणूस म्हणून राहतील.

हे मनचं सांगत नाही. ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ कार्यक्रम चालवला होता. वस्तीतलीच तरुण मुलगी, दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं रोज दोन तास. २००१ ते २००३ या काळात अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पद्धतशीर तपासणी केली. मुलांची प्रगती ठळक दिसली, आणि सगळ्यात मागे असलेल्यांना जास्त फायदा झाला. पण मूल कार्यक्रमातून बाहेर पडल्यावर वर्षभरात त्यातला बराच भाग ओसरला. म्हणून तीन वर्षं चार लाख ही तुमची खरी ताकद आहे. सगळे पैसे पहिल्याच वर्षी भिंतीवर लावलेत तर ती गेली.

वडोदऱ्यातच संगणकाचाही प्रयोग झाला होता. एका संगणकावर दोन मुलं, आठवड्याला दोन तास, मुलाच्या पातळीचे गणिताचे खेळ. गणित सुधारलं. तेव्हा यंत्राला माझा विरोध नाही. पण भिंतीवरच्या मोठ्या बोर्डवर एक जण चालवतो आणि चाळीस जण बघतात. तसं यंत्र शेवटच्या वर्षी घेतलंत तरी चालेल.

अजिंक्यतारा

साताऱ्याहून. २५ नावांच्या यादीवर विसंबू नका. प्रत्येकाचं कॉलेजचं टाइमटेबल हातात घ्या आणि दुपारी साडेतीन ते पाच कोण मोकळं आहे ते बघा. आर्ट्स आणि डी.एड.वाले मिळतील, इंजिनिअरिंगची मुलं त्या वेळी प्रॅक्टिकलला असतात. त्यांना शनिवार सकाळ द्या. चाचणीचे तक्ते भरणं, शैक्षणिक साहित्य बनवणं, शाळेतले बंद पडलेले संगणक आणि वायरिंग बघणं ही कामं त्यांची. वर्गात न जाणारा मुलगा कमी दर्जाचा, असं पोरांच्या डोक्यात बसू देऊ नका.

समजा दुपारचे १८ जण मिळाले. प्रत्येकानं आठवड्यातून दोनच दिवस यायचं. ३६ पाळ्या होतात. सात गटांना दुसरा माणूस आठवड्यातून तीन दिवस दिला तर २१ लागतात. उरलेल्या १५ राखीव ठेवा. शिक्षकांना जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारणाची कामं कायद्यानंच लागतात. एक शिक्षक तिकडे गेला की त्यांचा गट उघडा पडतो, तिथे राखीवमधलं कोणी उभं राहतं. पाचही दिवस या, असं सांगितलं की पोरं पहिल्या पंधरवड्यात जोशात येतात आणि महिन्यानं फोन उचलत नाहीत.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात. त्याचा उपयोग करून घ्या. आठवड्याला तीन तास असे २४ आठवडे म्हणजे ७२. प्रशिक्षणाचे १६, चाचण्यांच्या चार फेऱ्यांचे २०, साहित्य बनवण्याचे १२. बरोबर १२० होतात. जूनमध्येच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून हे काम त्यांच्या वार्षिक आराखड्यात घालायला सांगा. डायरीत तास नोंदवले जात असतील तर कॉलेजचं पोरगं टिकतं आणि कॉलेजही आडवं येत नाही. काम मात्र फेऱ्यांमध्ये बांधा. जुलैअखेर ते गणपती एक, दिवाळीआधी एक छोटी, मग जानेवारी-फेब्रुवारी. सत्र परीक्षेच्या तीन आठवड्यांत कॉलेजच्या कुणालाच बोलावू नका, त्या दिवसांत ताया (वस्तीतल्या त्या मानधनावरच्या मुली) आणि शिक्षक गट चालवतील. परीक्षेच्या काळात गैरहजर राहिलेला मुलगा अपराधी वाटून परत येतच नाही, ही गळती सगळ्यात मोठी असते.

आता नेतृत्वाचं. नुसतं शिकवायला लावलं तर ते मदतनीसच राहतात. प्रत्येक गटाच्या कॉलेजवाल्याकडे एक गोष्ट पूर्ण सोपवा. एकाकडे हजेरी आणि सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी जाऊन येणं (जोडीनं, आणि शिक्षकांना सांगून). एकाकडे पुस्तकपेटी. एकाकडे दर महिन्याला शाळा व्यवस्थापन समितीपुढे आपल्या गटाचा तक्ता मांडणं. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. त्यांच्यापुढे पाच मिनिटं सोप्या मराठीत उभं राहून ‘तुमच्या शाळेतली एवढी मुलं अक्षरावरून शब्दावर आली, एवढी अजून तिथेच आहेत’ असं सांगणं म्हणजे खरं शिक्षण आहे. विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधीही त्या बैठकीला बोलवायचे असतात. बहुतेक ठिकाणी त्यांचं नाव कागदावरच असतं. सातवीच्या त्या दोघांना बैठकीआधी एक तास द्या, वर्गावर्गातून तीन मागण्या गोळा करायला लावा, आणि बैठकीत पहिलं त्यांनाच बोलू द्या.

दुसऱ्या वर्षी जुने ते प्रमुख, नवे ते उपप्रमुख. अदलाबदल फेब्रुवारीत, निम्मं सत्र बरोबर काम करून. जूनमध्ये केलीत तर जुने पास होऊन पुण्याला गेलेले असतात.

सरकारी युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेले प्रशिक्षणार्थी तुमच्या शाळेत असतील तर त्यांचंही स्वागत करा, पण त्यांच्या भरवशावर गट बांधू नका. त्यांची मुदत संपली की ती खुर्ची रिकामी होते.

बालसुरक्षेबाबत ढिलाई नको. शाळेत पाऊल टाकायच्या आधी प्रत्येकाची पोलिस पडताळणी करा. कुणीही एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत बसणार नाही, मुलांना स्वतःचा नंबर देणार नाही, मुलांचे फोटो स्टेटसला टाकणार नाही. हे लेखी घ्या, सही घ्या. तक्रारपेटी मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर हवी आणि चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर भिंतीवर हवा. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची शाळेची सखी सावित्री समिती कागदावर आहे की खरंच भरते ते विचारा. एखादं मूल काही सांगू लागलं तर त्याची उलटतपासणी करायची नसते. ऐकायचं आणि लगेच कळवायचं, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्यानं ते बंधनकारक आहे.

देणगीदारांबद्दल एक. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ साली ती साताऱ्याला आणली. तिचं साताऱ्याचं वसतिगृह दोन-चार धनिकांच्या चेकवर उभं राहिलं नाही. घरोघर मूठमूठ धान्य काढून ठेवायचं, तो मुष्टिफंड. मुलं स्वतः राबायची. १९२७ साली गांधीजी त्या वसतिगृहात येऊन गेले. तुमचे चार लाख चार जणांकडून येत असतील तर एकाचा धंदा बसला की लाख रुपये गेले. त्यातले निम्मे तरी दरमहा पाचशे देणाऱ्या चाळीस घरांवर न्या. वर्षाला २ लाख ४० हजार होतात, आणि ती चाळीस घरं शाळेची विचारपूस करायला लागतात.

हिशेबनीस

कागदांचं मी सांगतो.

सीएसआर सगळ्या कंपन्यांना लागू नाही. कंपनी कायदा २०१३, कलम १३५: आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीतरी एक असेल तरच. खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. कुपवाडमधल्या लहान युनिटांना बहुधा हे लागूच नसतं. ते देणगी देऊ शकतात, पण ती साधी देणगी. बैठकीत ‘सीएसआर’ हा शब्द ऐकून सहा महिने वाट बघत बसू नका, पहिल्याच भेटीत विचारा.

लागू असेल तर तुमच्या ट्रस्टकडे आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी हवी, सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घेतलेला हवा, आणि अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव कागदावर दाखवता आला पाहिजे. वह्यावाटप शैक्षणिक कामात बसेल, पण फोटो, पावत्या, अहवाल आहेत का? कंपनीचा प्रशासकीय खर्च तिच्या एकूण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. तायांचं मानधन तुमच्या अंदाजपत्रकात ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून लिहिलंत तर तिथेच कात्री लागते. ते प्रकल्पाचा थेट खर्च म्हणून लिहा. कंपनीकडून एकदम तीन वर्षांचा ‘चालू प्रकल्प’ मंजूर करून घ्या, नाहीतर दर मार्चला नव्यानं हात पसरावे लागतात. सीएसआरच्या पैशातून यंत्र किंवा बांधकाम झालं तर त्याची मालकी कंपनीची राहत नाही. इथे ती महापालिकेच्या नावानं करा.

देणगीदारांना ८०जीची करसूट जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि रोखीनं दिलेल्या २००० रुपयांवरच्या रकमेला मिळत नाही. हे आधीच सांगा म्हणजे एप्रिलमध्ये कटकट होत नाही.

दत्तक शाळा योजना (शासन निर्णय सप्टेंबर २०२३) तुमच्यासाठी नाही. ‘ड’ वर्ग महानगरपालिका, नगरपरिषद आणि ग्रामीण भागात पाच वर्षांच्या नावासाठी ५० लाख आणि दहा वर्षांसाठी १ कोटी मूल्याचं सहाय्य लागतं, तेही वस्तू किंवा सेवांच्या रूपात, रोख नाही. तुमचे तीन वर्षांचे १२ लाख होतात. त्या सभासदांचं नाव वाचनकोपऱ्याला द्या, समितीचा ठराव पुरतो. शिवाय नावाचा विषय काढला की शिक्षक आणि पालक दोन्ही बिचकतात, शाळा खासगी हातात चालली अशी कुजबुज सुरू होते.

तुमच्यासाठी रस्ता सरळ आहे. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग महापालिकेच्या शिक्षण विभागाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग तीन वर्षांचं दोन पानी करारपत्र. त्यात रोजचा तास, किती बाहेरची माणसं, जबाबदार कोण, वस्तू बिघडली तर दुरुस्ती कुणाची, आणि काम थांबवायचं झालं तर किती महिन्यांची सूचना, एवढं असावं. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवरही शाळेची गरज नोंदवता येते, त्यासाठी शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक लागतो.

दिलेली प्रत्येक वस्तू त्याच दिवशी शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढवून घ्या. ज्या वस्तूची नोंद नाही ती कागदोपत्री शाळेची नाही, आणि तिच्या दुरुस्तीला शाळा एक रुपया खर्च करू शकत नाही. देणगीतले बंद पडलेले प्रोजेक्टर असे कपाटांवर धूळ खात असतात.

आता चार लाखांचं माझं गणित. समन्वयक अर्धवेळ, १२,००० प्रमाणे ११ महिने, १,३२,०००. चार ताया ४,००० प्रमाणे दहा महिने, १,६०,०००. पुस्तकं आणि साहित्य ३५,०००. प्रशिक्षण आणि चाचण्यांचे दिवस, चहा-नाष्ट्यासह, २०,०००. किरकोळ दुरुस्ती २५,०००. पडताळणी, झेरॉक्स, प्रवास ८,०००. राखीव २०,०००. बरोबर चार लाख. यात रंग नाही आणि बोर्डही नाही. देणगीदारांना हे पटणं जड जाईल. त्यांना पहिल्या चाचणीच्या दिवशी व्हरांड्यात बसवा, सहावीतलं मूल चार ओळींपाशी अडताना बघितलं की त्यांचं मत आपोआप बदलेल.

हरिपूर_संगम

वरचं सगळं बरोबर, पण बाईंची मागणी तुम्ही सगळ्यांनी मागे टाकली. स्वच्छता आधी. सहावी-सातवीच्या मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी नसेल, पाणी नसेल, तर त्या मुली दुपारच्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. तुमचा साडेतीनचा तास कितीही चांगला असो, त्या तिथे नसतील.

त्याला नवं बांधकाम लागत नाही. पितळी कडी, बल्ब, कपडे अडकवायला खुंटी, बादली-मग, झाकणाचा डबा, आणि सॅनिटरी पॅड ठेवायची जागा शिक्षिकेच्या कपाटात (मुलीला कुणाला विचारावं लागू नये). पाण्याची टाकी बहुतेक ठिकाणी असते, मोटर जळालेली असते किंवा व्हॉल्व्ह गळतो. आधी प्लंबर बोलवा, नवी टाकी नंतर. आणि रोज दोन वेळा साफ करणारं माणूस. यावर तडजोड करू नका, कारण उद्घाटनानंतर दोन महिन्यांत कुलूप लागलेली स्वच्छतागृहं पैसा नव्हता म्हणून बंद पडत नाहीत. ती कोण धुणार हे ठरलं नव्हतं, म्हणून पडतात.

दुसरं पुराचं. शाळा गावभागात किंवा नदीकडच्या बाजूला असेल तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी लक्षात ठेवा, ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळा पाणी शहरात शिरलं. पाण्याबाहेर राहिलेल्या शाळा निवारा केंद्र होतात, वर्ग आठवडाभर बंद. पुस्तकपेट्या झाकणाच्या प्लास्टिकच्या आणि एका माणसाला उचलता येतील एवढ्याच घ्या, वरच्या मजल्यावर कुठे न्यायच्या ते ठरवा. तळमजल्यावर लोखंडी कपाटात पुस्तकं म्हणजे लगदा. सॉकेट आणि इन्व्हर्टर छातीच्या वर. जुलै-ऑगस्टची फेरी दहा दिवस लांबेल असं गृहीत धरूनच वेळापत्रक बनवा.

हिशेबनीस

हरिपूर, मान्य. माझ्या गणितात साफसफाईचं माणूस राहिलंच. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे एकत्रित अनुदान असतं. १०१ ते २५० पटाला वर्षाला ५०,००० आणि त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. कमीत कमी ५,००० झाले, त्यात साबण-फिनेल भागेल, माणूस नाही. माणसासाठी राखीव २० आणि दुरुस्तीतले १० असे ३०,००० काढा, दरमहा ३,००० प्रमाणे दहा महिने, दिवसातून दोनदा तासभर. त्याच वेळी समितीच्या ठरावानं महापालिकेकडे कायम सफाई कामगाराची मागणी लावून धरा. तुमचा माणूस आहे म्हणून ती मागणी मागे पडता कामा नये. समितीनं बनवायच्या शाळा विकास आराखड्यात ती लेखी घाला, म्हणजे नवे अधिकारी आले तरी कागद राहतो.

गणेशदुर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार. बैठकीत हे जसंच्या तसं वाचून दाखवणार आहे. दोन शंका. बाकीचे शिक्षक म्हणतात, रोज एक तास दिला तर पाठ्यपुस्तक मागे पडेल आणि वरून विचारणा होईल. आणि सातवीचा मुलगा तिसरीच्या मुलांबरोबर बसला तर त्याला लाज वाटणार नाही का?

खडू_फळा

दुसरी शंका आधी. त्यांना एकत्र बसवायचंच नाही. तिसरी-चौथी-पाचवीचे चार गट, सहावी-सातवीचे तीन. सातवीतलं मूल अक्षरावर असलं तरी त्याला ‘कमळ, बदक’ देऊ नका. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, किराणा बिल, मोबाइल रिचार्जचा मेसेज, क्रिकेटचा धावफलक, यातून तीच अक्षरं शिकवता येतात. गटांना नावं नद्यांची द्या, वारणा, येरळा, कोयना, माणगंगा. क्रमांक किंवा ‘अ-ब-क’ दिलेत की पहिल्याच दिवशी मुलांना कळतं कोण कुठे आहे. दर दहा कामाच्या दिवसांनी छोटी चाचणी घेऊन मुलं हलवा. गट बदलत राहिला की शिक्का बसत नाही.

शिक्षकांची शंका खरी आहे, ती उडवून लावू नका. शाळेचा पहिला तास मागू नका, शेवटचा मागा. भाषा आणि गणिताच्या तासांतूनच तो निघतो, ज्यांना वाचता येतं त्यांचा गट त्या वेळी पाठ्यपुस्तकच पुढे नेतो. आणि सगळ्यात मागचा गट तायांकडे ढकलू नका, तो शाळेतल्या सगळ्यात अनुभवी शिक्षकांनी घ्यावा. तिथे कसब लागतं. ताई आणि कॉलेजची मुलं त्या शिक्षकांचा गट पहिला आठवडा नुसता मागे बसून बघतील. निकाल मांडायचा झाला तर केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत शिक्षकांनीच मांडावा, ट्रस्टचं नाव खाली एका ओळीत. असं केलंत तर वरून विचारणा झाली की शिक्षकच उत्तर द्यायला उभे राहतात.

शाळा जूनच्या मध्याला उघडेल. पहिले दहा-बारा दिवस पटनोंदणी आणि पुस्तकवाटपात जातात, तेव्हा चाचणी घेऊ नका. जूनच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस बाईंना विचारून आत्ताच पक्का करा, आणि प्रशासनाधिकाऱ्यांचं परवानगीपत्र त्याआधी शाळेत पोचलेलं असू द्या. तक्त्याच्या दोन प्रती काढा, एक तुमच्या समन्वयकाकडे आणि एक मुख्याध्यापकांच्या कपाटात. मार्चमध्ये शेवटची चाचणी घ्याल तेव्हा जूनचाच उतारा वापरू नका, तोपर्यंत तो निम्म्या मुलांना पाठ झालेला असतो.